आवक वही

खसबच्या धक्क्यावर, बर्फाच्या फॅक्टरीत
चोवीस वर्षं मी वजनं लिहितोय.
तारीख, होडी, मासा, किलो.
मॅनेजर म्हणायचा, चोगले,
किंगफिश लिही, ट्यूना लिही, बाकी सगळं 'इतर'.
पण 'इतर'वर हिशेब लागत नाही.
संध्याकाळी दरवीश येऊन विचारणार,
माझा तो पट्ट्यापट्ट्यांचा कुठाय, त्याचे पैसे कुठायत.
म्हणून तो जे म्हणायचा तेच मी मांडत गेलो,
कानाला आलं तसं, देवनागरीत.
त्यांच्या बोलीला लिपी नाही.
मला हिशेबाला दुसरी लिपी सुचत नाही.
भागलं.

कुमझारला रस्ता जात नाही.
डोंगर सरळ पाण्यात उतरलेत,
कबरी घरांच्या दारांना लागून.
उन्हाळ्यात अख्खं गाव होड्यांत बसतं,
शेळ्यांसकट, खजूर उतरवायला इकडे येतं,
मग दोन-तीन महिने धक्क्यावर ती बोली.
ना अरबी, ना फारसी, दोघींच्या घरी जेवून आलेली.
पहिल्या वर्षी मला वाटलं, भांडतायत.
भांडत नव्हते. वाऱ्याबद्दल बोलत होते.

यंदा दरवीशची नात आली, घाया,
मस्कतला शिकलेली, हातात रेकॉर्डर.
म्हणाली, शाळेतली मुलं आता
सगळ्या माशांना एकाच नावानं हाक मारतात.
आजोबा म्हणतात, ते हिंदीकडे आहे,
त्यानं लिहून ठेवलंय.

हिंदी म्हणजे मी. हर्णैचा.

पोटमाळ्यावरून एकोणीस वह्या काढल्या.
दोन वाळवीनं खाल्लेल्या,
एक खारं पाणी पिऊन फुगलेली.
मी वाचायला लागलो, बर्फाच्या लादीवर बसून,
नाव, किलो, नाव, किलो.
दरवीश डोळे मिटून ऐकत होता.
मध्येच हसायचा,
माझ्या घशावर बोट ठेवून दाखवायचा, इथून नाही,
अजून खालून काढ.
मी नुक्ता दिला होता तिथे,
पण नुक्ता एवढा खोल जात नाही.

एका पानावर, बारा किलोपुढे
एक नाव आलं
आणि तो हसला नाही.
परत वाच, म्हणाला.
मी वाचलं. परत वाचलं.
घायानं रेकॉर्डर पुढे सरकवला.
त्याला तो मासा आठवेना.
हात आठवला, म्हणाला, जाळं ओढताना
उजवा अंगठा कापला होता त्यानं,
इथे, बघ. पण तोंडवळा नाही.
खूप वेळ अंगठ्याकडे बघत बसला.

रात्री पनवेलला फोन लावला.
लेकीला विचारलं, भांग म्हणजे काय गं?
म्हणाली, केसांचा.
मी म्हटलं, दुसरा, पाण्याचा, उधाणाच्या उलटा.
मतलय वारा कुठून येतो?
म्हावरं म्हणणारी माझी आई
बोंबलाच्या वलांडीखाली उभी राहून
ढगांना कशी नावं ठेवायची, सांगू?
बाबा, म्हणाली, उद्या बोलू या का, मीटिंग आहे.
उद्याही मीटिंगच असणार.
मी कोऱ्या पानावर चार शब्द लिहिले.
पाचवा अर्धा आठवला.
किलोचा रकाना रिकामा सोडला.

वह्या घाया घेऊन गेली,
थर्माकोलच्या मासळीच्या खोक्यात,
वर ताडपत्री, तिच्यावर दरवीश बसलेला
मालकासारखा.
होडी कुमझारच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत
मी उगाच काटा पुसत राहिलो.

आज सकाळी नवी वही.
एक पोरगा टोपली ठेवून म्हणाला, लिहा, इतर.
मी म्हटलं, इतर नाही. तुमच्यात काय म्हणतात?
त्याला माहीत नव्हतं.
तो धक्क्याच्या टोकाला धावत गेला,
इंजिनाच्या आवाजावरून बापाला ओरडून विचारलं.
बाप काहीतरी ओरडला.
मला अर्धंच ऐकू आलं.
पेन टेकवून थांबलोय,
म्हटलं, जा, परत विचारून ये.